छकुलीचं निव्वळ वजन

रविवारी सकाळी सात वाजता इंद्रजितने आपल्या वर्षाच्या लेकीला काट्यावर बसवलं. सव्वासातला गूळ कापायचा, नऊला देवळात जायचं, दहाला आरती आणि बाराला पंगती, असा त्याचा बेत होता. बेत उत्तम होता. त्यात फक्त आपल्या वडलांना धरायचं तो विसरला होता.

इंद्रजित वालचंदनगरला एका कारखान्यात तपासणी खात्यात होता. तयार झालेले लोखंडाचे भाग मापात आहेत की नाहीत, हे बघायचं त्याचं काम. केसाएवढा फरक दिसला तरी तो अख्खा भाग परत पाठवायचा, त्यामुळे यंत्रांच्या शेडमध्ये त्याला पाहून लोक चहाला निघून जायचे. बायको स्वरूपा आणि लेक छकुली यांच्याबरोबर तो तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचा आणि सुट्टीला जवळच अंथुर्ण्याला आईवडलांकडे यायचा. आजची सुट्टी मात्र साधी नव्हती. आज छकुलीचा पहिला वाढदिवस होता आणि तिच्या आजोबांना, म्हणजे सावळारामतात्यांना, नवस फेडायचा होता. नातीच्या वजनाइतका गूळ गावच्या देवीपुढे ठेवायचा आणि मग घरोघरी वाटायचा. एकेक किलोच्या दहा ढेपी गुऱ्हाळावरून आल्या होत्या आणि ओसरीवर ओळीने बसल्या होत्या.

वजन चोख व्हावं म्हणून इंद्रजितने लहान मुलांसाठीचा खास काटा ऑनलाइन मागवला होता. तो त्याने सपाट जागी ठेवला, मोबाइल आडवा धरून जागा खरंच सपाट आहे का ते बघितलं, शून्य तीन वेळा तपासलं. मग छकुलीला अलगद वर बसवलं. छकुली पहाटेच नटून बसली होती. सांगवीच्या मामाने पाठवलेला जरीचा फ्रॉक, त्याला आतून जाड अस्तर, पुढे दोन मोठाले खिसे, पायात चांदीचे वाळे आणि आत डायपर. ज्याला केसाएवढा फरक दिसतो त्या माणसाला जरीचा फ्रॉक दिसला नाही. बापांचं असंच असतं.

काट्यावर आकडा उमटला. आठ किलो नऊशे चाळीस.

"बुधवारी अंगणवाडीत किती भरली हुती?" तात्यांनी विचारलं.

"आठ सातशे," छकुलीची आजी प्रयागबाई चुलीपासून ओरडल्या. "दिपालीताईनं कार्डावर लिवलंय."

"आन् आज आठ नऊशे चाळीस. चार दिसात पाव किलू? पोरगी हाय का रेडकू?"

"वाढतं वय आहे, तात्या."

"वाढतं वय पोरीचं हाय. काट्याचं न्हाय. कुठला ह्यो?"

"ऑनलाइन आलाय. नवा आहे."

"म्हंजे वळखीचा न्हाय," तात्या म्हणाले आणि विषय तिथे संपला.

तात्यांचं आयुष्य उसात गेलं होतं आणि उसातलं निम्मं आयुष्य काट्यावर संशय घेण्यात. किराणावाला, सोनार, रद्दीवाला, सगळे त्यांच्या लेखी एका माळेचे मणी. एकदा डॉक्टरांनी त्यांना वजन कमी करायला सांगितलं, तर तात्यांनी "आदी काटा दावा" म्हणून डॉक्टरांचाच काटा उलटा करून बघितला होता.

"तात्या, एवढं कशाला?" इंद्रजित समजुतीने म्हणाला. "नऊ किलो वाटून टाकू. थोडा जास्त गूळ गेला तर देवी काही रागावणार नाही."

तात्या ढेपींच्या ओळीशी जाऊन बसले. 

वर्षापूर्वी छकुली दीड महिना आधी जन्माला आली होती, एक किलो सहाशे ग्रॅमची. बारामतीच्या दवाखान्यात एकवीस दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि एकवीस दिवस तात्या बाहेरच्या बाकावर. हात लावायची परवानगी नव्हती. रोज सकाळी आतून वजन सांगायचे आणि तात्या ते तंबाखूच्या पुडीवर लिहून ठेवायचे. नवव्या दिवशी कुणीतरी घाईघाईत पोरीला दुपट्यासकट तोललं. दीडशे ग्रॅम वाढले. तात्यांनी अख्ख्या मजल्याला, अगदी लिफ्टवाल्यालासुद्धा, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी दुपट्याशिवाय तोललं आणि ते दीडशे ग्रॅम गेले. पोर हातची चालली असं वाटून तात्या दवाखान्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले होते. नवस त्याच पायरीवर बोलला गेला होता.

"खोट्या वजनाचा पेढा मी एकदा खाल्लाय, इंद्रजित," तात्या हळूच म्हणाले. "परत न्हाय खायाचा. देवीला मी तिचं खरं वजन कबूल केलंय. गुंजभर कमी न्हाय, गुंजभर जास्त न्हाय. खरा आकडा घावला तर आज नवस फिटंल. न्हाय घावला तर पुढच्या पुनवंला बघू."

"पुढच्या पुनवंला?" प्रयागबाई लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "आवं, चाळीस मानूस जेवाया बोलीवलंय! सांगवीवरनं व्याही निगालं असतील. आन् ह्या पुरनाचं काय करू? पुनवंपत्तर टिकतंय व्हय?"

इंद्रजितने खिशातून गाडीची किल्ली काढली. वडलांचा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता आणि आईचं पुरण वाया जाऊ द्यायचं नव्हतं. "चला," तो म्हणाला. "तुम्हाला कुठला काटा पटतो?"

"आप्पासाहेबाचा."

इंद्रजितला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आप्पासाहेब गावातलं दूध संकलन केंद्र चालवायचे आणि गेली पंधरा वर्षं, सकाळ-संध्याकाळ, तात्या त्यांच्यावर काटा मारल्याचा आरोप करत आले होते.

"पण त्यांचा काटा खोटा आहे ना तुमच्या मते?"

"तेच की. त्यो कमी दावतोय हे मला पक्कं म्हाईत हाय. लबाड मानूस वळखीचा असला की भरवशाचा असतोय. त्याच्या काट्यावर आठ नऊशेच्या खाली आली, तर तुजा काटा खरा."

ह्या तर्काला कारखान्याच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नव्हतं. दोघं छकुलीला घेऊन निघाले.

केंद्रावर दुधाची गर्दी ओसरली होती. आप्पासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, काट्याची स्टीलची थाळी कोरड्या फडक्याने पुसली आणि छकुलीला वर घेतलं. थाळी होती बर्फासारखी गार. जानेवारीची सकाळ. छकुलीने असा टाहो फोडला की बाहेरची म्हैस दावं ताणून उभी राहिली.

"रडती पोर हालती. आकडा ठरंना," आप्पासाहेब म्हणाले.

तात्यांनी कोपरीच्या खिशातून गुळाचा बचकभर खडा काढला, नातीला चाटवला आणि ती गप्प होताच तो तिच्या फ्रॉकच्या खिशात सरकवला. "ऱ्हाऊ दे, परत रडली तर लागंल." तेवढ्यात आप्पासाहेबांनी वाटीभर कोमट दूध आणलं. वाढदिवसाची पोर दारात आलीय, तिला उपाशी कसं पाठवायचं? छकुलीने ते दूध शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं आणि दोन्ही हात पसरून आणखी मागितलं. इंद्रजित तोवर गुडघ्यावर बसून काट्याचे चारही पाय एका पातळीत आहेत का, ते बघत होता.

आकडा थांबला. नऊ किलो दीडशे.

तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आप्पासाहेब, तुमच्या काट्यावर वजन वाढलं?"

"मग? पंधरा वर्सं सांगतोय, काटा सरळ हाय!"

"सरळ असता तर कमी दावला असता!" तात्या म्हणाले. मग आपण काय बोललो हे त्यांचं त्यांनाच उमगेना. त्यांनी नातीला उचललं आणि गाडीत जाऊन बसले. पंधरा वर्षांचं वैर असं एका सकाळीत डळमळू लागलं की माणसाला बसावंच लागतं.

आता आकडे तीन झाले होते. तिघांची तीन तोंडं म्हटल्यावर चौथ्या साक्षीदाराची गरज पडली आणि गाडी फुलाबाईंच्या पिठाच्या गिरणीपुढे थांबली. फुलाबाई स्वतः डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या होत्या आणि गिरणीच्या घरघरीत त्यांना कुणाचंच धड ऐकू यायचं नाही.

"किती किलू दळायचंय?" त्यांनी छकुलीकडे बघत विचारलं.

"दळायचं न्हाय! तोलायचं!" तात्या ओरडले.

गिरणीत आता नवा काटा होता, आकडे दाखवणारा. जुनी मोठी तागडी, लाकडी पारड्यांची, साखळ्यांसकट कोपऱ्यात टांगून ठेवली होती आणि तिची पितळी वजनं खाली खोक्यात पडली होती. फुलाबाईंनी एक चकचकीत वजन छकुलीच्या हातात खेळायला दिलं. छकुलीने ते आधी तोंडात घालून बघितलं, चव पटली नाही, मग आजोबांपुढे धरलं. आजोबांनी कौतुकाने ते तिच्या दुसऱ्या खिशात टाकलं आणि दोन मिनिटांत विसरून गेले. मुळात त्यांचं सगळं लक्ष काट्याकडे होतं. इंद्रजितचं तर होतंच.

नऊ किलो चारशे.

"तात्या," फुलाबाई हनुवटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "तुमची नात दर गल्लीला पाव किलू वाढतीया. दुपारपत्तर लगनाला येईल."

इंद्रजितचा मोबाइल वाजला. स्वरूपा होती. "अहो, कुठंयत तुम्ही? नऊ वाजून गेले. सांगवीची मंडळी आलीयत. दादा विचारतोय, भाची कुठंय. मी काय सांगू?"

"सांग, वजन बघायला गेलीय."

"दोन तास? असं काय वजन आहे तिचं?"

"तेच कळेना झालंय, आत्ता नऊ चारशे भरली," इंद्रजित अगदी खरं बोलला. स्वरूपाने फोन ठेवला. ती ज्या पद्धतीने फोन ठेवायची त्यावरून घरी गेल्यावर काय होणार, ते त्याला कळायचं.

"मोठ्या काट्यावर चल," तात्या म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत आता वेगळीच चमक आली होती. "लहान काट्यांचं काई खरं न्हाय. जेवढा काटा मोठा तेवढी चोरी अवघड."

"पण तात्या, तुम्हीच तर म्हणायचा की सगळ्यात मोठी चोरी उसाच्या काट्यावर..."

"आता त्ये काढू नगंस."

हमरस्त्यावर एक वजनकाटा होता. उसाचे ट्रॅक्टर, वाळूचे डंपर, कांद्याच्या पिकअप तिथे यायच्या. तेजश्री नावाची मुलगी केबिनमध्ये संगणकापुढे बसून पावत्या फाडायची. हंगाम भरात होता आणि उसाने भरलेल्या तीन ट्रॉल्या आधीच रांगेत होत्या. अर्धा तास त्यात गेला. छकुलीने तेवढ्यात एक केळं खाल्लं, बाटलीभर पाणी प्यायलं आणि अतिशय शांत, विचारमग्न चेहरा करून आजोबांच्या मांडीवर बसून राहिली. ज्यांना लेकरं आहेत त्यांना हा चेहरा ओळखता येतो. बाप आणि आजोबा काट्याकडे बघत होते.

अखेर इंद्रजितची छोटी गाडी त्या भल्यामोठ्या लोखंडी फलाटावर चढली. तेजश्रीने खिडकीतून आकडा सांगितला, "एक हजार चाळीस."

"आता पोरगीला तेवढी घे आत," तात्या म्हणाले. तेजश्री बाहेर आली, छकुलीला कडेवर घेऊन केबिनमध्ये गेली आणि पुन्हा आकडा बघितला.

"एक हजार चाळीस."

"आगं, आदी पोरगी गाडीत हुती. आता तुज्याजवळ हाय."

"तरी एक हजार चाळीसच."

"म्हंजे पोरगी असली काय, नसली काय, सारखंच?" तात्यांचा आवाज चढला.

"तात्या, ह्यो काटा वीस किलोच्या पटीत आकडा दावतो. ट्रॅक्टर मोजायचा काटा हाय. पोरं कोन आणतंय हितं?"

तात्या गाडीतून उतरून फलाटाबाहेर आले. "वीस किलूच्या पटीत? म्हंजे मधलं समदं गडप? चाळीस वर्सं मी वरडतोय, चाळीस वर्सं! कुनी म्हनून ऐकलं न्हाय!" त्यांनी ओणवं होऊन फलाटाच्या फटीत बघायला सुरुवात केली, जणू चाळीस वर्षांचा ऊस खाली साठला असेल.

"आता नऊशे साठ आलं," तेजश्रीने आतून कळवलं. "म्हंजे तात्या, तुमी ऐंशी किलोचे."

"मी चौऱ्याहत्तरचा हाय!"

"पटीत दावतो म्हनलं ना तात्या."

मागच्या ट्रॅक्टरवाल्याने कंटाळून हॉर्न दिला आणि मान बाहेर काढली. "तात्या, आवो, नात किती टन भरली? आमाला बी जाऊ द्या की मोळ्या घिऊन!"

इंद्रजितने वडलांना हाताला धरून गाडीत बसवलं. साडेदहा वाजले होते. आरतीची वेळ टळून गेली होती. त्याच्याजवळ आता चार आकडे होते आणि एक शून्य. कारखान्यात एका भागाची पाच मापं पाच आली असती तर त्याने माप घेणाऱ्याला घरी पाठवलं असतं. इथे माप घेणारा तोच होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला परत पाठवलेल्या त्या सगळ्या भागांची दया आली.

तात्या खिडकीबाहेर बघत होते. "न्हाय घावायचा आकडा," ते पुटपुटले. "देवीला आज न्हाय मंजूर. पुनवंलाच बघू." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की इंद्रजितला वाईट वाटलं. वर्षभर ह्या माणसाने ह्या दिवसाची वाट पाहिली होती.

दारातच स्वरूपा उभी होती. तिच्यामागे प्रयागबाई, त्यांच्यामागे छकुलीचा मामा ऋषिराज आणि त्याच्यामागे सांगवीची सगळी मंडळी. स्वरूपाने लेकीला घेतलं. कडेवर घेताच तिचे डोळे बारीक झाले.

"सकाळपासून डायपर कुणी बदललाय?"

बाप आजोबांकडे बघू लागला आणि आजोबा बापाकडे.

स्वरूपाने ओसरीवर सतरंजी टाकली आणि सगळ्यांसमोर छकुलीला मोकळं करायला घेतलं. वाळे काढले. फ्रॉक काढला. फ्रॉकच्या एका खिशातून गुळाचा खडा निघाला, दुसऱ्यातून फुलाबाईंचं दोनशे ग्रॅमचं पितळी वजन. शेवटी निघाला डायपर. तो तिने दोन बोटांत धरून वर उचलला, तेव्हा व्याह्यांनी आदराने मान वळवली. तिने हा सगळा ढीग एका पिशवीत भरला आणि तिथेच पडलेल्या नव्या काट्यावर ठेवला.

सातशे ग्रॅम.

"बघा," ती म्हणाली. "नऊ चारशेतनं सातशे गेले. किती राहिले?"

"आठ सातशे," ऋषिराजमामा म्हणाला.

"अंगणवाडीत दिपालीताईंनी सांगितले तेवढेच. त्यांनी उघडी करून तोलली होती. तुम्ही फ्रॉक तोललाय, गूळ तोललाय, गिरणीचं वजन तोललंय आणि..." पुढचं तिने पिशवीकडे बोट दाखवून संपवलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही कारखान्यात नक्की काय तपासता हो?"

इंद्रजितने पिशवी उचलून काट्याचं शून्य चौथ्यांदा तपासलं.

तात्या मात्र विचारात पडले होते. दुपट्यासकट तोललेली पोर त्यांना आठवली असावी, कारण त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पण जन्माचा संशय एका पिशवीने जात नाही. "समदं खरं, सूनबाई," ते म्हणाले, "पर ही पिशवी बी ह्याच काट्यावर तोललीस न्हवं? काटाच खोटा असला तर?"

"मग आकडाच नको," स्वरूपा म्हणाली. "देवीला कुठं आकडे वाचता येतात? तागडी आणा. एका पारड्यात पोरगी, एकात गूळ. बघा डोळ्यांनी."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. इतकी सरळ गोष्ट सकाळी सातला कुणालाच सुचली नव्हती. गिरणीतली जुनी तागडी आणायला ऋषिराजमामा लगेच गाडी घेऊन गेला. दरम्यान स्वरूपाने आत जाऊन काहीतरी कापाकापी केली. इंद्रजितने डोकावून बघितलं, पण तिने विळी दाखवून त्याला बाहेर घालवलं.

साडेअकराला देवळापुढच्या लिंबाला तागडी टांगली गेली. सगळा गाव जमला, कारण सकाळपासून ही वरात प्रत्येकाच्या दारावरून गेली होती. फुलाबाई तागडीची मालकीण म्हणून पुढे उभ्या होत्या. आप्पासाहेबही आले होते. छकुलीला नुसता लंगोट नेसवून, दंडाला काळा दोरा बांधून पारड्यात बसवलं. पारडं झुलायला लागलं तशी ती खिदळू लागली.

"पडंल, पडंल!" म्हणत तात्या पुढे झाले आणि नातीच्या पारड्याशी उभे राहिले.

दुसऱ्या पारड्यात ऋषिराजमामा ढेपी ठेवू लागला. एक, दोन, तीन. बायका मोजत होत्या. पाच. सहावी ढेप ठेवली आणि गुळाचं पारडं झपकन खाली गेलं.

 सहा किलो.

तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "घटली," ते म्हणाले. "प्रयागे, पोर घटली गं! सकाळी नऊ हुती, सहा झाली!" त्यांच्या चेहऱ्यावर तेच उतरलं होतं जे वर्षापूर्वी दवाखान्याच्या पायरीवर उतरलं होतं.

"दृष्ट लागली," प्रयागबाई कापऱ्या आवाजात म्हणाल्या. "गावभर मिरीवलीसा, दुसरं काय व्हनार?" कुणीतरी मीठमोहऱ्या आणायला पळालं.  आठ सातशेची पोर सहा किलोची होत नाही हे इंद्रजितला कळत होतं, पण समोर पारडं तर वर होतं.

"सावळारामराव!" गर्दीतून आप्पासाहेबांचा आवाज आला. पंधरा वर्षं साठवलेला आवाज होता तो. "सावळारामराव, काटा मारताय!"

"मी?"

"हात बघा तुमचा! हात कुठं हाय?"

साऱ्या गावाने बघितलं. तात्यांचा उजवा हात छकुलीच्या पारड्याखाली होता. पोर पडू नये म्हणून त्यांनी पारड्याला खालून आधार दिला होता आणि पारडं चांगलं वीतभर वर उचलून धरलं होतं. तात्यांनी स्वतःच्या हाताकडे असं बघितलं की जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

मग जे हसू फुटलं ते देवळाच्या शिखरावरच्या पारव्यांना उडवून गेलं. आप्पासाहेब लिंबाला टेकून डोळे पुसत होते. "पंधरा वर्सं!" ते म्हणत होते. "पंधरा वर्सं मला म्हनताय!"

"काढा तात्या हात," ऋषिराजमामा म्हणाला. तात्यांनी हात काढला. पारडं खाली आलं, हेलकावलं, छकुली मागे कलली आणि तात्यांचा हात पुन्हा आपसूक पारड्याखाली गेला. पुन्हा काढला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा तर त्यांनी काढलाच नाही.

"आवं, काढा की!" प्रयागबाई म्हणाल्या.

"न्हाय निगत," तात्या म्हणाले. आता ते हसत नव्हते. "एकवीस दिस काचंभाईर हात बांधून बसलोय. हात लावू दिला न्हाय कुनी. आता आयुष्यात पयल्यांदा पोर पारड्यात बसलीय आन् तुमी म्हंता हात काढ. न्हाय निगत माजा हात."

हसणारे थांबले. फुलाबाईंनी पिठाळ पदर डोळ्यांना लावला. इंद्रजितला वडलांकडे बघवेना आणि नजर काढवेनाही. नवस पुन्हा अडला होता.

तिढा सोडवला तो प्रयागबाईंनी. "मग दुसरा हात गुळाखाली लावा," त्या म्हणाल्या. "दोनीकडं सारखा हात. कुनाचं कमी न्हाय, कुनाचं जास्त न्हाय."

तात्यांना हे एकदम पटलं. स्वरूपाने पुढे होऊन उरलेला गूळ पारड्यात ठेवला. सहावर आणखी दोन ढेपी आणि विळीने कापलेला एक तुकडा. तो तुकडा सातशे ग्रॅमचा असणार, हे इंद्रजितला न तोलता कळलं. बायकोने नुसती भुवई उडवली. तात्या मधोमध उभे राहिले, उजव्या हातावर नात, डाव्या हातावर गूळ, आणि स्वतःच तागडी झाले.

"इंद्रजित," त्यांनी हाक मारली. "तू बघ. तुजं कामच हाय त्ये. बरूबर हाय का?"

इंद्रजित वाकला. एक डोळा मिटून त्याने दोन्ही पारडी बघितली. छकुलीचं पारडं चांगलं चार बोटं वर होतं, कारण उजव्या हाताला माया जास्त होती. केसाएवढ्या फरकासाठी माल परत पाठवणारा माणूस सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "एकदम बरोबर, तात्या. गुंजभर कमी नाही, गुंजभर जास्त नाही."

घंटा वाजली. छकुलीने पारड्यातूनच वाकून गुळाचा तुकडा पकडला आणि देवीच्या आधी चाटला. 

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना इंद्रजितने वडलांना दुधाच्या किटलीसह केंद्रावर सोडलं. तात्यांनी दूध काट्यावर ठेवताच आप्पासाहेबांनी आपले दोन्ही हात डोक्याच्या वर धरले. "बघा सावळारामराव. कुठं बी हात न्हाय."

"खाली घ्या हात, आप्पासाहेब," तात्या ओशाळून म्हणाले. "लागतोय मानसाचा हात कदी कदी. मायेनं."

आप्पासाहेबांनी हात खाली घेतले, आकडा लिहिला, पावती दिली. तात्यांनी ती न बघता खिशात घातली. पंधरा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. इंद्रजित गाडीकडे वळला. दार उघडताना त्याने सहज मागे बघितलं.

तात्या गुडघ्यावर हात टेकून, ओणवे होऊन, काट्याखाली बघत होते.